आपला तो बाळ्या, दुसऱ्या गाडीतलं ते कार्टं

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या कॉलममध्ये एका वाचकांनी लिहिलं होतं की फॉर्म्युला वन मध्ये गाडी टीमची, पैसा टीमचा, पगार टीम देते, मग दोघांपैकी कुठला ड्रायव्हर पुढे आणि कुठला मागे हे पण टीमच ठरवणार, ज्याला पटत नाही त्याने घरी बसावं. पत्र मस्त ठसक्यात लिहिलेलं, आणि अर्धं मला पटलं पण. टीमने दोन्ही ड्रायव्हरना सारखं वागवावं असं म्हणणारे बरेच जण फार भाबडेपणाने बोलतात हे खरंय. पण उरलेलं अर्धं असं काही गंडलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवेना. लांबलं तर कापा, पण २०२५ च्या मॉन्झाच्या रेसचा भाग प्लीज ठेवा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोघांना गाडी सारखी द्या, नवे पार्ट सारखे द्या, माहिती सारखी द्या आणि रेस सुरू झाली की हात काढून घ्या. निकाल सारखा करायला जाऊ नका. आणि हे जमणार नसेल, एकालाच पुढे काढायचं असेल, तर तेही करा, पण सीझन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर सांगून करा.

आता पैशाचा मुद्दा. ड्रायव्हर वर्ल्ड चॅम्पियन झाला की टीमला घबाड मिळतं असा खूप जणांचा समज आहे. तसं नसतं. बक्षिसाचा पैसा मुख्यतः टीमच्या टेबलवर वाटला जातो, म्हणजे कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप, आणि तिथे दोन्ही गाड्यांचे पॉईंट एकत्र धरतात. पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५. आता तुमच्याच दोन गाड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरवर पळतायत आणि तुम्ही रेडिओवरून सांगितलं की बाबा तू मागे हो आणि याला पुढे जाऊ दे, तर टीमच्या खात्यात काय फरक पडला? काहीच नाही, ३३ होते ते ३३च राहिले. म्हणजे अदलाबदल केली जाते ती एका माणसाच्या नावापुढे पॉईंट वाढावेत म्हणून, आणि ती कोणाच्या तरी खिशातून काढूनच दिलेली असते.

उलट एकाच घोड्यावर पैसे लावले की काय होतं ते रेड बुल टीमकडे बघा. २०२४ ला त्यांचा वर्स्टॅपन चॅम्पियन झाला आणि टीम तिसरी आली, मॅकलारेन आणि फेरारीच्या मागे. २०२५ ला परत तिसरी, ४५१ पॉईंट, त्यातले ४२१ एकट्या वर्स्टॅपनचे! मॅकलारेनचे त्याच वर्षी ८३३. दुसरी गाडी जवळपास नावालाच पळत होती. आणि त्या दुसऱ्या सीटवर बसलेल्यांची यादी बघा, गॅस्ली बारा रेस नंतर काढला, मग ॲल्बन, मग पेरेझ चार वर्षं, मग लॉसन ज्याला फक्त दोन रेस दिल्या, मग त्सुनोडा. हे सगळे टाकाऊ होते का? गॅस्लीला काढलं आणि पुढच्याच वर्षी २०२० ला त्यानी मॉन्झाला रेड बुलच्याच छोट्या टीमच्या गाडीत, अल्फाटॉरी मध्ये, रेस जिंकून दाखवली. गाडीचं पुढचं टोक इतकं तीक्ष्ण वळणारं ठेवलेलं की ते वर्स्टॅपनच्या हाताला बसतं आणि बाकीच्यांची मागची चाकं सुटतात, हे त्या गाडीत बसून आलेल्यांनी नंतर उघड सांगितलंय. मला यात वर्स्टॅपनचा दोष दिसत नाही, तो जगात भारी आहे म्हणून इंजिनियर त्याचं ऐकतात. पण मग दुसऱ्याला त्याच्याशी तुलना करून नालायक ठरवू नका ना. गाडी आपल्या बाळ्याच्या मापाची शिवायची आणि वर म्हणायचं कार्ट्याला अंगात नीट बसत नाही.

आणि इथेच खरी गोम आहे. या खेळात माणूस किती चांगला आहे हे मोजायला एकच माप आहे, त्याचा टीममेट. हॅमिल्टन आणि समजा शेवटच्या टीमचा कोणी पोरगा, यांची तुलना होऊच शकत नाही कारण गाड्या वेगळ्या. एकच गाडी दोघांकडे असते तेवढ्यापुरतंच कळतं की कोणात दम आहे. म्हणून तर म्हणतात की सगळ्यात आधी हरवायचा तो टीममेट. पुढचं कॉन्ट्रॅक्ट, पुढचा पगार, करिअर राहणार की नाही, सगळं त्या एका तुलनेवर. आता तराजूच वाकडा असेल आणि बघणाऱ्यांना ते माहीत नसेल, तर त्या माणसाचं नुकसान एका रेसपुरतं राहत नाही.

म्हणूनच मला रेडिओवरच्या ऑर्डरपेक्षा पार्टची गोष्ट जास्त खटकते. ऑर्डर निदान ऐकू तरी येते. २०१० ची सिल्व्हरस्टोनची रेस आठवा. रेड बुलने नवीन फ्रंट विंग (गाडीच्या नाकावरचा पंख) आणलेले, दोनच. वेटेलच्या गाडीवरचा शनिवारच्या प्रॅक्टिसमध्ये निकामी झाला, मग टीमने वेबरच्या गाडीवरचा काढला आणि वेटेलला लावला. कारण काय तर वेटेल पॉईंटमध्ये पुढे आहे. वेबर जुना विंग लावून क्वालिफाईंगला (कोण कुठल्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी) दुसरा आला आणि रविवारी रेस जिंकला, आणि रेडिओवर बॉसला म्हणाला, नंबर दोनच्या ड्रायव्हरसाठी वाईट नाही ना. ते वाक्य अजून लोकांच्या तोंडात आहे, पण ते गाजलं का, तर तो जिंकला म्हणून. हरला असता तर सोमवारी सगळीकडे छापून आलं असतं की वेटेलपुढे वेबर फिका. विंगची गोष्ट चौथ्या पॅरात कुठेतरी.

याहून भारी नमुना म्हणजे २०१२ ची ऑस्टिनची रेस. त्या ट्रॅकवर ग्रिडची, म्हणजे गाड्या सुटायच्या जागांची, एक बाजू स्वच्छ होती आणि दुसऱ्या बाजूला धूळ, आणि फेरारीच्या अलोन्सोची जागा येत होती धुळीच्या बाजूला. मग फेरारीने काय करावं? त्याचा टीममेट मासाच्या गिअरबॉक्सचं सील मुद्दाम तोडलं! सील तुटलं की पाच जागांची शिक्षा, मासा मागे गेला, त्याच्या मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले आणि अलोन्सो बरोबर स्वच्छ बाजूला आला. नियमात बसत होतं म्हणे. मासा त्या दिवशी क्वालिफाईंगमध्ये अलोन्सोच्या पुढे होता बरं का, म्हणजे पोराने परीक्षेत जास्त मार्क पाडले म्हणून त्यालाच दंड. मी फेरारीचा चाहता आहे आणि तरी सांगतो, त्या दिवशी लाज वाटली.

आता टीम ऑर्डरचा विषय निघाला की २००२ चं ऑस्ट्रिया येतंच. फेरारीचा बॅरिकेलो पोलवरून (सगळ्यात पुढच्या जागेवरून) सुटला, पूर्ण रेस पुढे, आणि शेवटच्या लॅपमध्ये फिनिश लाईनच्या तोंडावर त्याने पाय काढला आणि टीममेट शूमाकर जिंकला. स्टँडमधल्या लोकांनी इतका आरडाओरडा केला की शूमाकरने लाजेकाजेस्तव बॅरिकेलोला पोडियमच्या वरच्या पायरीवर उभं केलं आणि ट्रॉफी त्याच्या हातात दिली. गंमत अशी की फेरारीला १० लाख डॉलरचा दंड झाला तो या पोडियमवरच्या गोंधळासाठी, ऑर्डर दिल्याबद्दल नाही, कारण ऑर्डर तेव्हा कायदेशीर होती! आणि गरज काय होती हो? ती सीझनची सहावी रेस होती, आधीच्या पाचपैकी चार शूमाकरने जिंकलेल्या, आणि वर्षाच्या शेवटी तो ६७ पॉईंटने चॅम्पियन झाला. भरल्या पोटी दुसऱ्याच्या ताटातला घास उचलला, एवढंच.

त्यानंतर २००३ पासून निकालात ढवळाढवळ करणाऱ्या ऑर्डरवर बंदी आली. काय झालं? टीमवाले कोडमध्ये बोलायला लागले. २०१० हॉकेनहाईम, मासा पुढे, अलोन्सो मागे, आणि इंजिनियर रॉब स्मेडली रेडिओवर एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणतो, फर्नांडो (म्हणजे अलोन्सो) तुझ्यापेक्षा फास्ट आहे, हे समजलं का सांग. शेंबड्या पोराला पण कळलं. तारीख होती २५ जुलै, बरोबर एक वर्षापूर्वी हंगेरीत याच मासाच्या डोक्यात दुसऱ्या गाडीची स्प्रिंग लागून तो मरता मरता वाचला होता (आणि ती स्प्रिंग बॅरिकेलोच्या गाडीची, नशीब पण काय जोड्या लावतं). एक लाख डॉलर दंड भरला, निकाल तसाच राहिला, आणि अलोन्सो शेवटी ४ पॉईंटने चॅम्पियनशिप हरलाच. २०११ पासून बंदी उठवली. बरं केलं. जो नियम पकडताच येत नाही तो कशाला ठेवायचा, त्याने फक्त खोटं बोलायची सवय लागते. त्यामुळे मी परत बंदी आणा असं म्हणत नाहीये, हे त्या पत्रलेखकांनी लक्षात घ्यावं.

आता त्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. १९८६ चं उदाहरण त्यांनी दिलं नाही पण मी देतो, मलाच माझ्याविरुद्ध वकिली करावी लागतेय. विल्यम्सची गाडी तेव्हा सगळ्यात फास्ट, मॅन्सेल आणि पिके दोघं एकमेकांचे पॉईंट खात बसले आणि शेवटच्या ॲडलेडच्या रेसला मॅन्सेलचं टायर फुटलं आणि दुसऱ्या टीमचा प्रॉस्ट ७२ वर चॅम्पियन, मॅन्सेल ७०, पिके ६९. २००७ ला मॅकलारेनमध्ये अलोन्सो आणि नवखा हॅमिल्टन, दोघं १०९ वर अडकले आणि फेरारीचा किमी रायकोनेन ११० घेऊन गेला. म्हणजे दोघांना सारखं वागवलं तर तिसरा जिंकतो, झालं सिद्ध?

मला नाही वाटत. एकतर १९८६ ला विल्यम्सने टीमची चॅम्पियनशिप आरामात जिंकली, म्हणजे ज्यावर धंदा चालतो ते त्यांना मिळालंच. आणि २००७ ला जे झालं त्याला सारखी वागणूक म्हणायचं की घरातलं भांडण? हंगेरीच्या क्वालिफाईंगला हॅमिल्टनने ठरलेलं असताना अलोन्सोला पुढे सोडलं नाही, मग अलोन्सो पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) गाडी अडवून उभा राहिला म्हणजे हॅमिल्टनला शेवटचा लॅप मिळू नये, मग अलोन्सोला पाच जागांची शिक्षा आणि टीमला त्या रेसचे पॉईंटच नाहीत. पुढे चीनच्या रेसनंतर खुद्द टीमचा बॉस रॉन डेनिस म्हणून गेला की आम्ही किमीशी नव्हे तर फर्नांडोशीच रेस करत होतो. स्वतःच्याच ड्रायव्हरशी! याला जर कोणी समान वागणूक म्हणत असेल तर बोलणंच खुंटलं.

आणि दोन तलवारींचा हिशोब दुसऱ्या बाजूने पण मांडा की. १९८८ ला सेना आणि प्रॉस्ट एका टीममध्ये, १६ पैकी १५ रेस मॅकलारेनच्या. २०१४ ते २०१६ मर्सिडीजमध्ये हॅमिल्टन आणि रोसबर्ग, ५९ पैकी ५१. भांडले, बार्सिलोनाला पहिल्याच लॅपला एकमेकांना धडकून दोघं वाळूत गेले, बोलणं बंद झालं, सगळं झालं, पण तीन वर्षं दोन्ही चॅम्पियनशिप त्यांच्याकडेच. आणि २०१६ ला रोसबर्ग ५ पॉईंटने चॅम्पियन झाला, पाच दिवसांनी रिटायर झाला. जर मर्सिडीजने पहिल्या दिवशीच हॅमिल्टन नंबर एक असं ठरवलं असतं, आणि ठरवणं सोपं होतं, तर रोसबर्ग आयुष्यभर नंबर दोन म्हणून ओळखला गेला असता आणि आपल्याला कधी कळलंच नसतं की तो हॅमिल्टनला एका सीझनमध्ये हरवू शकतो. अबू धाबीच्या शेवटच्या रेसला हॅमिल्टन मुद्दाम हळू चालवून त्याला मागच्यांच्या तोंडी देत होता, टीम सांगत होती वेग वाढव, हा ऐकत नव्हता. ते बघताना मजा आली होती की नाही खरं सांगा.

आता येतो मॉन्झावर. इथे सारखेपणावाल्यांचं, म्हणजे आमच्याच बाजूच्यांचं चुकतं.

मॅकलारेनने २०२४ आणि २०२५ ला नॉरिस आणि पिआस्ट्री या दोघांना सारखं वागवायचं असं धोरण चालवलं, त्याला पपाया रूल्स वगैरे नाव पण पडलं. २०२४ च्या हंगेरीला पिआस्ट्री पहिल्या वळणापासून पुढे होता, नॉरिस दुसरा. शेवटच्या पिट स्टॉपला टीमने मागून येणाऱ्या हॅमिल्टनपासून सावध राहायला नॉरिसला आधी बोलावलं, दोन लॅप नंतर पिआस्ट्रीला, आणि नव्या टायरवर नॉरिस साहजिकच पुढे निघाला. मग बराच वेळ रेडिओवर मनधरणी, शेवटी संपायला दोन-तीन लॅप असताना नॉरिसने जागा परत दिली आणि पिआस्ट्रीने आपली पहिली रेस जिंकली. हे मला पूर्ण मान्य आहे. कारण क्रम बदलला तो टीमच्या निर्णयाने, पिआस्ट्रीने काही चूक केली नाही, नॉरिसने ओव्हरटेक केलं नाही. टीमने उचललं, टीमने परत ठेवलं.

२०२५ मॉन्झा वेगळं होतं. वर्स्टॅपन लांब पुढे, नॉरिस दुसरा, पिआस्ट्री तिसरा. नेहमी पुढच्या गाडीला आधी पिट करायचा हक्क असतो, पण टीमला मागच्या फेरारीच्या लक्लेरची भीती म्हणून त्यांनी पिआस्ट्रीला आधी घेतलं, आणि नॉरिसला सांगितलं की काळजी नको, तो अंडरकट करून, म्हणजे आधी टायर बदलून नव्या टायरच्या वेगावर, तुझ्या पुढे येणार नाही. पिआस्ट्रीचा स्टॉप झकास झाला. नॉरिसच्या वेळी पुढचं डावं चाक अडकलं, जवळपास सहा सेकंद गेले, आणि तो बाहेर आला तो पिआस्ट्रीच्या मागे. आणि टीमने पिआस्ट्रीला सांगितलं, जागा परत दे. तो रेडिओवर म्हणाला की स्लो पिट स्टॉप हा रेसिंगचाच भाग आहे असं आपलं ठरलेलं ना, मग यात नवीन काय झालं ते कळलं नाही, पण तुम्ही सांगता तर देतो. दिली.

काही जण म्हणतील नॉरिसला शब्द दिला होता. दिला होता, अंडरकटचा. त्याला मागे अंडरकटने टाकलं नाही, अडकलेल्या चाकाने टाकलं. तो आधी पिट झाला असता तरी ते चाक अडकलंच नसतं याची काय गॅरंटी? आणि नशिबाचे फटके जर भरून द्यायचे असतील तर मग सगळे द्या. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला पिआस्ट्री पुढे होता, सेफ्टी कारच्या (धोका असला की सगळ्यांना हळू चालवायला पुढे येणारी गाडी) मागे जोरात ब्रेक मारला म्हणून त्याला दहा सेकंदांची शिक्षा झाली, टीमला पण ती जास्त वाटली. त्याने विचारलं की शिक्षा तुम्हाला पण चुकीची वाटत असेल तर जागा बदलूया का. नाही म्हणाले. नॉरिस जिंकला. म्हणजे रेफरीचा फटका बसला तर तुझं नशीब, आणि मेकॅनिकचा फटका बसला तर भरपाई? मला वाटतं टीमच्या मनात पाप नव्हतं, अगदी प्रामाणिकपणे न्याय करायला गेले, आणि निकालात न्याय करायला गेलं की असंच होतं, कारण रेसमध्ये पन्नास गोष्टी घडतात आणि त्यातली कुठली भरून द्यायची हे ठरवणारा कोण.

आता आकडे बघा, म्हणजे मी इतका का चिडलोय ते कळेल. वर्षाच्या शेवटी नॉरिस ४२३, वर्स्टॅपन ४२१, पिआस्ट्री ४१०. मॉन्झाच्या अदलाबदलीत नॉरिसला मिळाले १५ च्या जागी १८, म्हणजे तीन पॉईंट जास्त. ते काढा, नॉरिस ४२०. चॅम्पियन वर्स्टॅपन, एका पॉईंटने! आता कोणी म्हणेल असा हिशोब करता येत नाही, तीन पॉईंट कमी असते तर नॉरिसने पुढच्या रेस वेगळ्या चालवल्या असत्या, आणि ते बरोबर आहे, नॉरिस वर्षभर फास्ट होता आणि त्याच्या चॅम्पियनशिपवर मी बोट ठेवत नाही. पण कागदावर तरी असं दिसतंय की दोन भावांमध्ये वाटणी सारखी व्हावी म्हणून टीमने जे केलं त्यात तिसऱ्याच घरातल्या माणसाचा हिस्सा गेला. सारखेपणाचं गणित टीमच्या आत सुटलं पण चॅम्पियनशिप टीमच्या आत नसते, ती सगळ्यांची असते.

याउलट त्याच २०२५ ला हंगेरीत काय झालं ते मला आवडलं. नॉरिसचा स्टार्ट खराब झाला, तो पाचवा पडला, मग त्याच्या बाजूच्या इंजिनियरनी एकच पिट स्टॉप करायची जुगाडी स्ट्रॅटेजी लावली, पिआस्ट्रीने दोन केले, आणि शेवटच्या काही लॅपमध्ये पिआस्ट्री चाकं लॉक करत त्याच्या मागे लागलेला, तरी नॉरिस एका सेकंदाच्या आत वाचला. टीमने कोणालाच काही परत द्यायला लावलं नाही. दोन बाजू, दोन डोकी, एकच गाडी, ज्याचं जमलं त्याचं. असं चालवा ना कायम.

मग मदत कधीच करायची नाही का? करायची की. एक जण गणिताने बाहेर गेला की त्याने दुसऱ्याला हात द्यावा, त्यात मला काही गैर वाटत नाही. २००७ ला ब्राझीलला मासाने घरच्या लोकांसमोर रायकोनेनला पुढे काढलं आणि तो चॅम्पियन झाला, पुढच्या वर्षी चीनला रायकोनेनने मासासाठी दुसरी जागा सोडली. कोणी ओरडलं नाही, कारण बघणाऱ्याला कारण समोर दिसत होतं. आणि १९५६ च्या मॉन्झाला तर पीटर कॉलिन्सने, ज्याला स्वतःला चॅम्पियन व्हायची संधी होती, आपली चालू गाडी फान्जिओला देऊन टाकली कारण त्याची बंद पडली होती, तेव्हा गाडी वाटून घेणं चालायचं. असं मन दुसऱ्याने ऑर्डर देऊन तयार होत नाही, ते सोडा.

सायकलिंगमध्ये बघा, तिथे टीमचा एकच लीडर असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात. २०१२ च्या टूर द फ्रान्सला फ्रूम डोंगरावर विगिन्सला सोडून पुढे निघाला आणि मग टीमच्या सांगण्यावरून थांबला. टोचलं बघताना, पण फसवलं असं वाटलं नाही, कारण लीडर कोण हे रेसच्या आधीपासून जगाला माहीत होतं.

मोटर रेसिंगमध्ये मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची. नंबर दोनचं कलम कॉन्ट्रॅक्टमध्ये असतं की नाही हे कोणी सांगत नाही, सीझनच्या सुरुवातीला प्रेस कॉन्फरन्समध्ये सगळे म्हणतात आमचे दोन्ही ड्रायव्हर रेस करायला मोकळे आहेत, आणि मग कधीतरी रेडिओवर कोड ऐकू येतो. २०१३ ला मलेशियात रेड बुलचा कोड होता मल्टी २१, म्हणजे दोन नंबरची गाडी पुढे आणि एक नंबरची मागे, वेबर आधी वेटेल नंतर. वेटेलने ऐकलं नाही, ओव्हरटेक केलं, जिंकला. पोडियमच्या आधी वेबरने त्याला ते दोनच शब्द ऐकवले. आणि १९८२ ला इमोलाला फेरारीने पिटमधून स्लो असा बोर्ड दाखवला, व्हिलनव्हला वाटलं क्रम जसा आहे तसा ठेवायचा, पिरोनीला वाटलं नुसती गाडी सांभाळायची, आणि पिरोनी जिंकला. व्हिलनव्ह म्हणाला याच्याशी परत बोलणार नाही, आणि बोललाच नाही, दोन आठवड्यात झोल्डरच्या क्वालिफाईंगला तो अपघातात गेला. अपघाताचं खापर त्या बोर्डवर फोडणं बरोबर नाही, पण आधीच नीट सांगितलेलं असतं तर निदान ते भांडण झालं नसतं.

उपाय अवघड नाहीये हो. २०२२ पासून प्रत्येक रेसच्या शुक्रवारी टीमना गाडीवर कुठले नवीन पार्ट आणले याची यादी द्यावी लागते आणि एफआयए (या खेळाची जागतिक संघटना) ती सगळ्यांसाठी प्रसिद्ध करते, फ्लोअर (गाडीचा तळ) बदलला, विंग बदलला, कशासाठी बदलला, सगळं त्यात असतं. त्याच कागदावर अजून एक रकाना टाका, कुठल्या गाडीवर लावलं, एक की दोन्ही, आणि एकच असेल तर ज्याला मिळालं नाही त्याला कुठल्या रेसपासून मिळेल. झालं. खर्च शून्य. आणि सीझनच्या आधी टीमने एका ओळीत लिहून द्यावं की आमच्याकडे नंबर एक ड्रायव्हर आहे किंवा नाही. आहे म्हणाले तर आम्ही त्या नजरेने बघू, दुसऱ्याला उगाच शिव्या घालणार नाही. नाही म्हणाले आणि मग केलं, तर दुसऱ्या दिवशी छापायला तुम्ही आहातच. स्पॉन्सरला काय वाटेल वगैरे कारणं देतील, देऊ दे.

तुमच्या क्रीडा पानासाठी पण एक विनंती आहे. अमुक ड्रायव्हर टीममेटपेक्षा अर्धा सेकंद स्लो अशी बातमी लावता तेव्हा दोघांकडे एकच फ्लोअर होता का, एकच इंजिन मोड होता का, हे एका वाक्यात लिहीत जा. मोठी रेस कव्हर करणारे पत्रकार हे विचारू शकतात, आणि विचारलं की टीमला उत्तर द्यावं लागतं.

बाकी २०२६ पासून कॅडिलॅक अकरावी टीम म्हणून आलीये आणि त्यांनी ड्रायव्हर घेतलेत बोटास आणि पेरेझ. बोटासला २०१८ ला सोचीत आघाडीवर असताना हॅमिल्टनला पुढे सोडायला लावलं, पेरेझने २०२१ ला अबू धाबीत वर्स्टॅपनसाठी हॅमिल्टनला अडवून धरलं आणि पुढच्याच वर्षी ब्राझीलला वर्स्टॅपनने त्याला सहावी जागा पण परत दिली नाही. दोघं वर्षानुवर्षं दुसऱ्या गाडीत काढलेले. आता या दोघांमध्ये कोण कोणाला पुढे सोडतो ते मला खरंच बघायचंय.

आपला,
एक नियमित वाचक